ताई, सहलीला पाठवू की नको?

मी समुपदेशक, नोव्हेंबर संपत आला की माझ्याकडे हा एकच प्रश्न येत राहतो, ताई, शाळेची सहल निघतेय, पाठवू की नको. वडोदऱ्यात हा प्रश्न आता साधा राहिलेला नाही. १८ जानेवारी २०२४ ला हरणी तलावात सहलीची बोट उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या, क्षमतेपेक्षा जास्त मुलं बसवलेली आणि बऱ्याच जणांच्या अंगात लाइफ जॅकेटसुद्धा नव्हतं. त्यानंतर इथल्या कुठल्याही आईला "उगाच घाबरताय" म्हणायची माझी हिंमत होत नाही, म्हणूही नये.

तर अशीच एक आई आली, नावं देत नाही. मुलगा तिसरीत, दोन्ही कानांना ऐकायचं मशीन. सहल कमाटी बागेत, म्युझियम आणि झू, बस एवढंच. पण शाळेने आधीच सुचवलं होतं, याला घरी ठेवलंत तर बरं, आम्ही कुठे कुठे बघणार. सासूबाईंचं म्हणणं, बाग काय पळून चाललीय का, रविवारी आपणच नेऊ की.

"ताई, त्याला काही म्हणजे काही होताच कामा नये."

"तुमच्या वाक्यात एक 'च' आहे बघा."

"तुम्हाला व्याकरण सुचतंय?" ती चिडलीच, आणि बरोबरच होतं तिचं.

मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या विचारांवर वाढलेली, त्यामुळे हा 'च' मला लांबूनही ऐकू येतो. काही होऊ नये असं वाटलं की आपण तयारीला लागतो. होताच कामा नये म्हटलं की मग एकच रस्ता उरतो, मुलाला घरात बसवा. तिला ते पटलं पण आत उतरलं नाही, तीन सेशन आम्ही त्या 'च'भोवतीच फिरत होतो, ती बागेतून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीतल्या मगरींबद्दल बोलायची आणि मी विचारांबद्दल.

चौथ्या वेळी घरी कोणी नव्हतं म्हणून ती मुलाला घेऊन आली. आता कबूल करते, तोपर्यंत त्याला विचारावं हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. मी त्याच्या समोर, त्याला माझे ओठ दिसतील अशी बसले आणि विचारलं, सहलीत काय होईल असं वाटतं तुला?

"खिडकी मिळणार नाही."

"आणखी?"

"टीचर मागून शिट्टी वाजवतात. मला कळत नाही. सगळे थांबतात आणि मी एकटाच चालत राहतो, मग हसतात."

"बघा!" आई म्हणाली, "मी हेच सांगतेय ना!"

मी तिला हातानेच थांबवलं. "मग ग्राउंडवर काय करतोस रे?"

"टीचर पुढे असल्या की त्यांच्या ओढणीकडे बघतो. त्या थांबल्या की ओढणी हलायची थांबते. पिवळी असली की लांबून दिसते. ग्रे असली की नाही दिसत."

एवढं सांगून तो माझ्या टेबलावरच्या स्टेपलरशी खेळायला लागला. आम्ही दोघी गप्प. बऱ्याच वेळाने आई म्हणाली, "दोन वर्षं मी याच्या मशीनच्या बॅटऱ्या मोजतेय ताई, आणि हा ओढण्या मोजतोय."

इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये असे क्षण बोटावर मोजण्याइतके. तो स्वतःची काळजी आधीपासूनच घेत होता, मोठ्यांनी फक्त त्यात भर घालायची होती. त्या दिवशी 'च' आपोआप गळला, माझ्या बोलण्याने नाही, हेही सांगायला हवं.

मग आम्ही शाळेला एक पानाचं पत्र लिहिलं, गुजरातीत, न भांडता. शिट्टीबरोबर पिवळी ओढणी किंवा झेंडा वर करायचा, सगळ्याच मुलांसाठी, नाहीतर तो परत वेगळा पडतो. सूचना बसमध्ये नाही, खाली उतरून, तोंडासमोर हात न धरता द्यायची, कारण मशीन गोंगाटही मोठा करते. जोडीदार एकच नको, दोन मित्र आलटून पालटून. जास्तीच्या बॅटऱ्या टीचरच्या पर्समध्ये. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात खेळ आणि करमणुकीची संधी इतरांच्या बरोबरीने द्यायची असं लिहिलंय, ती ओळ शेवटी हळूच घातली. ती ओळ असली की पत्र नीट वाचलं जातं, हा माझा अनुभव.

तुमचं मूल कानांनी ठणठणीत असलं तरी शाळेला विचाराच, किती मुलांमागे एक मोठं माणूस आहे, दर थांब्यावर मोजणार कोण, पाणी आहे का, असलं तर जॅकेट घातल्याशिवाय कोणी पाय ठेवणार नाही ना. उत्तर "चिंता ना करो" एवढंच मिळालं तर खुशाल नाही म्हणा, तो भित्रेपणा नाही. आणि "आमची जबाबदारी नाही" छाप फॉर्मवर सही केलीत म्हणून शाळेचं मुलांकडे बघायचं काम संपत नाही, हे तोंडावर बोलायला लाजू नका. पण विचारण्याआधी एकदा मुलाला विचारा, ते कशाला घाबरतंय. बहुतेक वेळा ते वेगळंच निघतं.

सहल झाली. म्युझियममधला ब्लू व्हेलचा सांगाडा बघून हा घरी येऊन म्हणाला, मासा पूर्ण नव्हता, नुसती हाडं. खिडकी मात्र येताना मिळाली. आई मला आधी म्हणाली, मी घरीच होते. मग हसून कबूल केलं, अ‍ॅक्टिवा घेऊन बसच्या मागे बागेजवळच्या काळा घोडा सर्कलपर्यंत गेले होते, तिथून परत फिरले.