वाचकांचे प्रश्न : रिस्लिंगची बाटली, गोडी आणि जेवण

जर्मनीहून भेट आलेल्या रिस्लिंगच्या (याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन) बाटलीवर 'काबिनेट' असं लिहिलंय. म्हणजे वाइन गोड आहे का? – एक वाचक, पुणे

त्या शब्दावरून गोडी ठरत नाही. काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे या पायऱ्या द्राक्षं तोडताना त्यांत किती साखर होती ते सांगतात. त्यातली किती साखर आंबवून, म्हणजे तिचं अल्कोहोल करून, संपवायची हे पुढे वाइन बनवणारा ठरवतो. म्हणून लेबलवर आधी अल्कोहोलचा आकडा पाहा. ७.५ ते ९ टक्के असेल तर बरीच साखर आंबवायची राहिली आहे, वाइन गोड लागणार. १२ किंवा अधिक असेल तर बहुधा कोरडी, म्हणजे गोडी जवळपास नसलेली. १०–११ टक्के म्हणजे मधली. 'ट्रोकेन' लिहिलं असेल तर कोरडी नक्की. त्यात लिटरला जास्तीत जास्त ९ ग्रॅम साखर चालते. 'फाइनहेर्ब' किंचित गोडसर असते.

गोड म्हटल्यावर नाक मुरडू नका. रिस्लिंगचा आंबटपणा इतका धारदार असतो की लिटरमागे ४० ग्रॅम साखर असलेली काबिनेटही चिकट लागत नाही. साखर काढून टाकली तर तीच वाइन अनेकांना बोचेल.

रिस्लिंग हे द्राक्ष मूळचं कुठलं? – एक वाचक, नाशिक

ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यातलं. फ्रांकफुर्टजवळच्या रुसेल्सहाइम इथे १४३५ सालच्या एका हिशेबात रिस्लिंगच्या वेली विकत घेतल्याची नोंद सापडते. 'गुए ब्लां' ही जुनी जात तिच्या जनकांपैकी एक, हे डीएनए तपासणीतून स्पष्ट झालं आहे. हे द्राक्ष उशिरा पिकतं. जर्मनीतल्या मोझेल नदीकाठी ते ऑक्टोबरमध्ये, कधी नोव्हेंबरमध्येही तोडतात. इतक्या उत्तरेला ते पिकतं याचं श्रेय उताराला आणि दगडाला. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उभ्या चढांवर ऊन थेट पडतं, गडद पाटीचा दगड दिवसा तापतो आणि रात्री ती ऊब सोडतो. थंड, लांबलेल्या शरद ऋतूत साखर हळूहळू वाढते, आंबटपणा मात्र टिकून राहतो.

तुमच्या भागात काढणी साधारण जानेवारी ते मार्च. ऊन वाढलं की आंबटपणा झपाट्याने उतरतो, म्हणून तोडणी लांबवणं महाग पडतं. तिथे सुला ही वाइन कंपनी रिस्लिंग बनवते. ती मोझेलसारखी लागेल अशी अपेक्षा ठेवू नका.

आपल्या मसालेदार जेवणाबरोबर कोणती घ्यावी? – एक वाचक, रत्नागिरी

तिखटाबरोबर कमी अल्कोहोलची, गोडसर काबिनेट. मिरचीची आग अल्कोहोलमुळे भडकते, साखरेने शमते. १३ टक्क्यांची कोरडी बाटली मालवणी कोळंबीच्या रश्श्याशी लावली की तोंड पोळतं, मग दोष वाइनला दिला जातो. मीठ, हळद, लिंबू लावून तव्यावर तळलेल्या पापलेटाला मात्र कोरडीच शोभते. पदार्थ वाइनपेक्षा आंबट असेल तर वाइन पाणचट लागते. म्हणून कोकम किंवा चिंच फार घातलेल्या आमटीला ती देऊ नका. सोलकढीही वेगळी प्या.

रिस्लिंगच्या मुलखात धुरी दिलेला ट्राउट मासा आणि डुकराचं भाजलेलं मांस तिच्याबरोबर खातात. फ्रान्सच्या अल्सास प्रांतात आंबवलेली कोबी आणि सॉसेज. गोड पदार्थाला एकच नियम : वाइन पदार्थापेक्षा गोड हवी. श्रीखंडापुढे काबिनेट निव्वळ आंबट वाटेल.

बाटलीत तळाशी खडे आहेत आणि रॉकेलसारखा वास येतो. बिघडली का? – एक वाचक, कोल्हापूर

नाही. खडे टार्टारिक आम्लाचे क्षार आहेत, थंडीत ते बसतात. बाटली काही तास उभी ठेवा, शेवटचा घोट बाटलीतच राहू द्या. रॉकेलचा वास टीडीएन नावाच्या संयुगाचा. ऊन जास्त लागलेल्या द्राक्षांत त्याचा कच्चा माल अधिक असतो आणि बाटली जुनी होईल तसा वास वाढतो. अनेक जाणकारांना तो आवडतोही. बिघाड ओळखायचा तो ओल्या पुठ्ठ्याच्या वासावरून (हा बुचाचा दोष), किंवा ताज्या वाइनचा रंग तपकिरी होऊन शिळ्या सफरचंदाचा वास आल्यास (हवा लागली).

प्यायला ८ ते १० अंश सेल्सियस. फ्रिजमधून काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा; फार गार असेल तर सुगंध दबतो. घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली वीस मिनिटं बुडवा. नुसत्या बर्फात मध्ये हवा राहते, म्हणून वेळ लागतो. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस चांगली राहते.