वाचकांचे प्रश्न : करजगावचे टिळक, कवी की धर्मोपदेशक?

प्रश्न : आम्ही दापोली तालुक्यातले. पाखराला गोटा मारणाऱ्या क्रौर्यावरची ना. वा. टिळकांची कविता शाळेत पाठ केली होती. कवी करजगावचे, म्हणजे आमच्याच तालुक्यातले, म्हणून गुरुजी कौतुकाने सांगत. ते ख्रिस्ती धर्मोपदेशक होते आणि चक्क कीर्तने करीत, असे अलीकडे एका नातेवाइकाकडून ऐकले. हे खरे का? धर्मोपदेशक म्हणून त्यांनी नेमके काय केले?

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, मात्र तालुक्याच्या अभिमानाला थोडी मुरड घालावी लागेल. नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी करजगावात झाला खरा, पण कल्याणनंतर नाशिक, नागपूर, अहमदनगर, सातारा असे त्यांचे आयुष्य घाटावर आणि घाटाच्याही पलीकडे गेले. नाशिकला त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले, आणि धर्मांतराचे बीज पडले ते आगगाडीत. १८९३ मध्ये राजनांदगावच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाशी त्यांचे संभाषण झाले. निरोप घेताना त्या गृहस्थाने त्यांच्या हाती बायबलातील नव्या कराराची प्रत ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांनी ते हसण्यावारी नेले असते तरी नवल नव्हते. पण वाचता वाचता ते मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तेथून त्यांना पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

या निर्णयाची झळ सर्वांत अधिक त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना लागली. नवरा जिवंत असून संसार मोडलेला, पदरी लहान मूल आणि माहेरसासरची माणसे एका बाजूला, अशा स्थितीत त्यांनी काही वर्षे काढली. मग त्या नगरला टिळकांकडे आल्या आणि पुढे स्वतःच्या विचाराने, १९०० मध्ये, त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. हा सगळा काळ त्यांनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात लिहून ठेवला आहे आणि त्यात नवऱ्याची गय केलेली नाही. टिळकांविषयी एकच पुस्तक वाचायचे असेल तर मी तेच सुचवीन, कारण भक्तांनी लिहिलेल्या चरित्रांत माणूस हरवतो, तसा तो तेथे हरवत नाही.

आता धर्मसेवेविषयी. टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करू लागले, धर्मशिक्षणाच्या वर्गांत शिकवू लागले, १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि १८४२ पासून चालत आलेल्या 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी विभागाचे संपादन त्यांनी अखेरपर्यंत केले. ही झाली कामांची यादी, आणि अशी कामे करणारे इतरही होते. टिळकांचे वेगळेपण असे की, मराठी ख्रिस्ती माणूस देवाशी कोणत्या भाषेत आणि कोणत्या चालीत बोलतो, हा प्रश्न त्यांना सतत टोचत राहिला. इंग्रजी गीतांची भाषांतरे इंग्रजी चालींत बसवून म्हणायची, म्हणजे अक्षरे मराठी आणि आघात परके, हे त्यांच्या कानाला सोसत नसे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते म्हणत. तेव्हा तो पूल आपल्यामागे मोडून टाकणे त्यांना शक्यच नव्हते. त्यांनी अभंग रचले, पदे रचली, आणि आज महाराष्ट्रातल्या मराठी मंडळ्या, म्हणजे ख्रिस्ती उपासकांचे समुदाय, रविवारच्या उपासनेत जे गातात त्याचा मोठा भाग त्यांचा आहे.

कीर्तनाचे म्हणाल तर ती कल्पना मूळची त्यांची नव्हे. नगरचे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारखी मंडळी त्यांच्या आधीपासून ख्रिस्ती कीर्तने करीत असत. टिळकांच्या अभंगांनी त्या कीर्तनाला कसदार मूळ पद मिळाले, एवढे म्हणणे रास्त होईल. काही वर्षांपूर्वी नाताळच्या आठवड्यात, आपल्याच किनाऱ्यावरील एका गावी, कौलारू ख्रिस्ती देवळाच्या अंगणात मी असे कीर्तन ऐकले. मांडणी सगळी नारदीय : नमन, पूर्वरंगात अभंग आणि त्यावर निरूपण, मध्यंतरात बुवांना हार, आणि उत्तररंगात बायबलातील उधळ्या पुत्राचे आख्यान. बुक्का नव्हता आणि शेवटी आरतीच्या जागी प्रार्थना झाली, इतकाच फरक. पखवाजावर मात्र शेजारच्या वाडीतल्या भजनी मंडळातला एक गृहस्थ होता, कारण मंडळीत वाजवणारे कोणी उरले नव्हते. त्याला पद ठाऊक नव्हते, कथाही बहुधा ठाऊक नसावी. बुवांनी अभंगाचा पहिला चरण उचलला, दुसऱ्या आवर्तनाला याचा ठेका बसला आणि मुलगा दूरवर दिसताच बाप धावत सुटतो त्या ठिकाणी, कोणी खूण केली नसताना, त्याने लय चढवली. चिऱ्याच्या गडग्यावर बसलेली त्याची वाडीतली माणसेही टाळ्या धरू लागली. टिळकांना जे साधायचे होते ते यापेक्षा निराळे होते असे मला वाटत नाही.

प्रश्न : टिळकांच्या आधी कोकणात मराठीतून उपदेश करणारे ख्रिस्ती धर्मोपदेशक होते का?

उत्तर : होते. दक्षिणेकडे गोव्याच्या सासष्टीत फादर थॉमस स्टीफन्स या जेझुइट संघातील इंग्रज धर्मगुरूने ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' रचले आणि ते १६१६ मध्ये छापले गेले. आपल्या बाजूस १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी बाणकोटला आले. त्यांतील डोनल्ड मिचेल त्याच वर्षी वारले, पण बाणकोट आणि हर्णै येथे मिशनचे काम सुरू राहिले. मुंबईच्या विल्सन कॉलेजचे जॉन विल्सन १८२९ मध्ये हिंदुस्थानात आल्यावर मराठी शिकण्यासाठी प्रथम हर्णैलाच राहिले होते, हे मुंबईकरांना सहसा ठाऊक नसते. करजगाव तेथून फार लांब नाही. तरी टिळकांच्या श्रद्धेचा धागा बाणकोट-हर्णैशी जोडण्याचा मोह आवरावा, कारण तो जुळत नाही.

प्रश्न : टिळकांनी शेवटी मिशन सोडले आणि मृत्यूनंतर त्यांना दफन न करता अग्नी दिला, असे ऐकले. त्यांनी ख्रिस्ती धर्म सोडला होता का?

उत्तर : नाही. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि संन्यस्त वृत्तीने राहून साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, पण ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या सर्वांनी तेथे भावंडांसारखे एकत्र यावे, ही त्यामागची कल्पना होती. मिशनच्या चौकटीत हे बसणारे नव्हते. ख्रिस्तावरील निष्ठेत मात्र त्यामुळे तसूभरही उणे पडले नाही. दरबाराला पुरेसा काळ लाभला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना अग्नी दिला गेला आणि अस्थी नगरला नेऊन पुरण्यात आल्या. त्यांनी अर्धवट ठेवलेले 'ख्रिस्तायन' हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे लिहीत नेले. त्यांना वाचायला शिकवले होते ते टिळकांनीच.