चौथी पेन्सिल घेण्याआधी लेडची जाडी बघा

तुम्ही लिहिलंय की मुलगी मेकॅनिकल पेन्सिल वापरायला लागल्यापासून दर दोन ओळींनी लेड तुटतं, तीन पेन्सिली झाल्या, आणि आता वर्गातल्या बाई म्हणतात तिचा हातच जड आहे. वाचून राहवलं नाही, कारण आमच्या घरी माझ्या मुलाच्या बाबतीत अगदी हेच चाललं होतं. लेड कसं भरायचं वगैरे तुम्हाला येत असणारच, त्यात शिरत नाही.

पेन्सिलीवर 0.5 लिहिलेलं असणार (म्हणजे लेडची जाडी, मिलिमीटरमध्ये), असा माझा अंदाज आहे. दाबून लिहिणाऱ्या मुलाला ती जाडी देऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. 0.5 आणि 0.7 मध्ये ऐकायला फारसा फरक वाटत नाही, पण गोल कांडीची न मोडता जोर सोसायची ताकद जाडीच्या घनाप्रमाणे वाढते. म्हणजे त्याच प्रतीचं 0.7 चं लेड कितीतरी जास्त जोर सोसतं. शिवाय पेन्सिलीच्या टोकाच्या नळीबाहेर आलेलं लेड दुप्पट लांब असेल तर ते मोडायला निम्माच जोर पुरतो. एकदा तिच्या शेजारी बसून नुसतं बघा. माझा मुलगा लिहायला घेताना टकटकटक करत तीन-चार खटके मारायचा, पहिल्याच अक्षराला लेड मोडायचं, की पुन्हा तेवढेच खटके. एका वेळी एकच खटका, फार तर दोन, एवढी एक सवय लागली तरी तुटणं बरंच कमी होतं.

आम्हाला सगळ्यात महाग पडली ती पेन्सिल नव्हे, शाळेच्या कार्यालयाने दिलेली सामानाची यादी. शाळेचं नाव घेत नाही. यादीत छापलं होतं: 0.5, एचबी. मी वर्षाच्या सुरुवातीलाच जाऊन विचारलं, 0.7 चालेल का? उत्तर मिळालं, यादीत आहे तेच आणा. वर्गशिक्षिकांची काही हरकत नव्हती, पण त्या म्हणाल्या की यादी कार्यालय काढतं. कार्यालय म्हणायचं, यादी शिक्षक देतात. 0.5 च का, हे शेवटपर्यंत कोणी सांगू शकलं नाही. या टोलवाटोलवीत अर्धं वर्ष गेलं आणि तेवढ्यात मुलाने आपल्यापुरता मार्ग काढला: तो दाबायचाच बंद झाला. अक्षर इतकं फिकट की वही उजेडात तिरकी धरल्याशिवाय वाचता येईना. मग वहीवर शेरा आला, ‘ठळक लिहा’. ठळक लिहिलं की लेड मोडणार, आणि मोडलं की निष्काळजी म्हणून बोलणी. हे आठवलं की अजून राग येतो. पेन्सिलीच्या टोकाचा प्रश्न होता आणि ठपका मुलाच्या स्वभावावर बसला. शेवटी बाईंनीच डायरीत ‘0.7 चालेल’ एवढी एक ओळ लिहून दिली आणि विषय संपला. तुम्हीही तोंडी विचारत बसू नका. डायरीत दोन ओळी लिहून पाठवा आणि उत्तरही लेखीच मागा.

आता नेमकं काय घ्यायचं. 0.7 आणि बी. मुलं बऱ्याचदा दाबतात ती अक्षर काळं दिसावं म्हणून. बी थोडं मऊ असल्याने कमी दाबातच काळं उमटतं. 2बी आणखी काळं, पण ते लवकर झिजतं, हाताला लागून वहीभर पसरतं आणि मोडतंही जास्त, म्हणून मी तिथवर जाणार नाही. भूमितीच्या आकृत्यांसाठी 0.5 एचबीची वेगळी पेन्सिल कंपासात राहू द्या, तिथे बारीक रेघ हवीच.

टोकाची नळी आत जाणारी असेल तर उत्तम. पट्टीला लावून रेघ मारायला लांब स्थिर नळी छान, पण ती पेन्सिल टोकावर पडली की नळी किंचित वाकते आणि मग त्यात कुठलंही लेड घाला, मोडतच राहतं. तिसरी पेन्सिल फेकली नसेल तर नळी उजेडासमोर धरून बघा.

महागड्या यंत्रणांबद्दल माझं मत ऐकून सोडून दिलंत तरी चालेल. 2014 मध्ये आलेल्या, झेब्रा कंपनीच्या डेलगार्ड पेन्सिलीत जोर पडला की आतली स्प्रिंग दबते आणि लेड वाचतं. दाबून लिहिणाऱ्यांसाठी ती खरोखर कामाची आहे. युनीची कुरु टोगा 2008 ची. ती टोक कागदावरून उचललं की लेड जरासं फिरवते, त्यामुळे ते एकाच बाजूने झिजत नाही. अक्षर एकसारखं येतं, पण तुमचा प्रश्न मोडण्याचा आहे, त्यावर तो उपाय नव्हे. आधी साध्या पेन्सिलीत 0.7 देऊन बघा, मगच खर्चाचा विचार करा.

आणखी एक. पोटात लेड कोंबून भरू नका, दोन-तीन पुरेत. टोकातून सुई तर अजिबात खुपसू नका. लेड धरून ठेवणारं इवलंसं रबर तिथेच असतं. ते निसटलं की लेड मागे-पुढे सरकतं आणि पेन्सिल वाया जाते. शेवटचा तुकडा लेड पुढे ढकलणाऱ्या आतल्या चिमट्यातून सुटून नळीत गोल फिरायला लागला, की ती पेन्सिल बिघडली असं मुलांना वाटतं. तसं नसतं, मागून नवीन लेड आलं की तुकडा बाहेर पडतो.

हे सगळं आमच्या घरच्या अनुभवावरून, मी काही तज्ज्ञ नाही. लिहिताना तिची बोटं दुखत असतील, किंवा साध्या पेन्सिलीनेही कागद फाटेपर्यंत दाब पडत असेल, तर ते लेड बदलून सुटणार नाही; डॉक्टरांना दाखवा. नाहीतर आज पेन्सिलीवरचा आकडा बघा, ती एका वेळी किती खटके मारते तेही बघा, आणि इथेच लिहा. त्यावरून पुढचं सांगते.