रिपोर्ट येईल तेव्हा येईल, तुमची दोन वर्षं संपत आलीयत

नेरूळच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. मित्राच्या चार सीटच्या, सिंगल इंजिनच्या विमानात बारामतीहून बसले, थोड्या वेळाने ऑइल प्रेशर खाली आलं, इंजिन गेलं आणि पायलटने ज्वारी काढलेल्या शेतात विमान टेकवलं. सगळे वाचले, पण यांचा कंबरेचा मणका दबला, बेल्ट लावून कित्येक महिने घरी. पर्सनल अ‍ॅक्सिडेंट (पीए) पॉलिसीचा क्लेम कंपनीने नाकारला, फ्लाइट कमर्शियल नव्हती आणि हे पायलटच्या शेजारी बसले होते म्हणून, त्या पत्राला पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील. आता विचारतात, एएआयबीचा, म्हणजे विमान अपघातांचा तपास करणाऱ्या सरकारी संस्थेचा, फायनल रिपोर्ट अजून आला नाहीये, त्यात इंजिन फेल्युअर असं एकदा लिहून आलं की केस टाकतो, चालेल ना?

अजिबात चालणार नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69, दोन वर्षं. नकाराचं पत्र हातात पडलं तिथून मोजायला घ्या, रिपोर्टपासून नाही. मधे कंपनीला मेल पाठवत राहिलात, फोन केलेत, त्याने मुदत पुढे सरकत नाही. उशीर माफ करायचा अधिकार ग्राहक आयोगाला आहे, पण रिपोर्टची वाट बघत होतो हे कारण पटेल की नाही याची खात्री मी देणार नाही, आणि मुदत हातात असताना तो जुगार खेळायचाच कशाला? विमा लोकपालाकडे तर नकारानंतर एक वर्षात जावं लागतं, फी नाही, वकील नाही, 50 लाखांपर्यंतचा निवाडा मिळू शकतो, तो दरवाजा तुम्ही बसल्या बसल्या घालवलात. असे मेसेज मला सारखे येतात, कुणी पोलिसांच्या कागदासाठी थांबलेलं असतं, कुणी हॉस्पिटलच्या, आणि दर वेळी तारीख निघून गेल्यावर विचारतात.

बरं, त्या रिपोर्टचा तुम्हाला उपयोग तरी काय? विमान अपघात तपासाच्या 2017 च्या नियमांप्रमाणे हा तपास पुढचे अपघात टाळण्यासाठी असतो, दोष कुणाच्या माथी मारायला नसतो. कनेक्टिंग रॉड तुटला की ऑइल कमी पडलं, तुम्ही मागे लागलाय त्या पैशांशी याचा काही संबंध नाही, प्रवाशाला अपघाताने इजा झाली एवढंच बघायचंय.

खरी मारामारी पॉलिसीच्या एक्सक्लूजनच्या, म्हणजे काय कव्हर नाही त्या यादीच्या, पानावर आहे. बऱ्याच पीए पॉलिसीत असं असतं की विमानात झालेली इजा कव्हर नाही, पण रीतसर लायसन्स असलेल्या स्टँडर्ड विमानात प्रवासी म्हणून, भाडं देऊन किंवा न देता, बसला असाल तर आहे, आणि पुढे व्याख्येत विमान खाजगी मालकीचं असो नाहीतर एका इंजिनाचं, चालतं असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तुमच्यात हीच भाषा असेल तर कमर्शियल फ्लाइट नव्हती हे कंपनीचं कारण टिकेल असं मला वाटत नाही. भाषा वेगळी असेल तर मात्र सगळं बदलतं.

कंपनीचं दुसरं कारण, तुम्ही पायलटच्या शेजारी होता. छोट्या विमानात उजव्या सीटसमोर पण कंट्रोल असतात, म्हणून तिथे बसलेला माणूस को-पायलट होत नाही. पण तुम्ही क्लेम फॉर्मवर स्वतःच्या हाताने "पायलटला मदत करत होतो" असं लिहून सही केलीय! दुखण्यात लिहिलं असणार, समजतं मला, पण सहीच्या आधी घरातल्या कुणालातरी एकदा वाचायला द्यायचं होतं. मदत म्हणजे काय, मोकळं शेत शोधत होता की हँडल हातात होतं, ते तुमच्या वकिलाला खरं सांगा. नुसतं शेत दाखवत असाल तर पायलटचं तसं अ‍ॅफिडेव्हिट घ्या, आणि त्याचं लायसन्स, विमानाचं रजिस्ट्रेशन, एअरवर्दीनेसचं (विमान उडायला योग्य असल्याचं) सर्टिफिकेट यांच्या कॉप्या मित्राकडून याच आठवड्यात मागा.

तक्रार ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात, तुम्ही तिथे राहता म्हणून चालते, ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइन पण होते, प्रीमियम पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही. उत्तराला कंपनीला 30 दिवस, फार तर वर 15, त्याच्या पुढे नाही असं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने 2020 मध्ये सांगितलंय. निकाल तीन महिन्यांत लावायचा प्रयत्न करावा असं कायद्यात आहे, प्रत्यक्षात वर्षं जातात, आणि मणका दुखत असलेल्या माणसाला पुढची तारीख देताना कुणाला काही वाटत नाही याचा मला मनापासून संताप येतो.

मित्रावर किंवा विमानाच्या मेंटेनन्सवाल्यावर दावा होईल का, पेट्रोलचे म्हणून तुम्ही त्याला पैसे दिले होते त्याने काय फरक पडेल, हे कागद बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि त्याच्या मुदती वेगळ्या आहेत. आधी नकाराचं पत्र ज्या पाकिटात आलं ते शोधा, पोस्टाचा शिक्का वाचता येतोय का बघा आणि त्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करा.