अक्षरक्रमाने वसलेली गावे

प्रश्न : अमेरिकेतील नेब्रास्का राज्याच्या नकाशात लिंकन शहराच्या पश्चिमेला क्रीट, डॉर्चेस्टर, एक्झिटर, फेअरमाँट, ग्राफ्टन, हार्वर्ड ही गावे लोहमार्गावर इंग्रजी अक्षरक्रमाने येतात. हा योगायोग आहे का? आणि पुढचे हेस्टिंग्ज या सर्वांहून मोठे कसे झाले?

उत्तर : योगायोग मुळीच नाही. बर्लिंग्टन अँड मिसूरी रिव्हर या रेल्वे कंपनीचे रूळ 1870 मध्ये लिंकनला पोहोचले आणि 1872 मध्ये कर्नी येथे युनियन पॅसिफिकच्या मार्गाला जाऊन मिळाले. या पट्ट्यात वस्ती इतकी विरळ होती की, स्थानके कोठे असावीत आणि त्यांची नावे काय असावीत हे बहुतांशी कंपनीच्या कचेरीतच ठरले. नावे अक्षरक्रमाने लावणे सोयीचे होते. हार्वर्डनंतरही इनलँड, जुनियाटा, केनेसॉ, लोवेल असा हा क्रम पुढे चालू राहतो.

मात्र यामागचा खरा व्यवहार जमिनीचा होता. 1864 च्या कायद्याने कंपनीला मार्गालगतचे एकाआड एक चौरस मैलाचे, म्हणजे 640 एकरांचे, तुकडे मिळाले होते. ही जमीन विकली जायची तर ती घेणाऱ्या शेतकऱ्याला आपले धान्य बैलगाडीने किंवा घोडागाडीने स्थानकावर पोहोचवून त्याच दिवशी घरी परतता आले पाहिजे, आणि म्हणून थोड्या थोड्या मैलांवर स्थानक हवे होते. शिवाय गाव वसले की तेथून जाणाऱ्या प्रत्येक पोत्याचे भाडेही कंपनीलाच मिळणार होते. अशी गावे आखताना ग्राहक आधी आणि रहिवासी नंतर पाहिला गेला, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही.

अर्थात सगळेच कंपनीच्या मर्जीप्रमाणे घडले नाही. ग्राफ्टन आणि हार्वर्ड यांच्यामधील सटन येथे रूळ येण्यापूर्वीच वस्ती झालेली होती, त्यामुळे ते अक्षरक्रमात बसत नाही.

हेस्टिंग्जही या क्रमाबाहेरचेच आहे. सेंट जोसेफ अँड डेन्व्हर सिटी हा दुसरा लोहमार्ग बर्लिंग्टनच्या मार्गाला जेथे छेदत होता, तेथे 1872 मध्ये हे गाव उभे राहिले. दोन कंपन्यांची सोय लाभलेल्या गावाकडे व्यापारी ओढले जाणे स्वाभाविक होते. अ‍ॅडम्स परगण्याचे मुख्य ठिकाण आधी शेजारच्या जुनियाटाकडे होते; परंतु काही वर्षांतच मोठ्या चुरशीनंतर तो मान हेस्टिंग्जने पटकावला आणि जुनियाटा लहान गावच राहिले.