आजीच्या वर्षश्राद्धाला तिच्याबद्दल काय बोलू?

तुम्ही लिहिलंय की रविवारी आजीचं वर्षश्राद्ध आहे, पानं वाढायच्या आधी नातवंडांतर्फे पाच मिनिटं बोलायचंय, आणि ‘प्रेमळ, कष्टाळू, सोशिक’ याच्यापुढे गाडी सरकत नाही. दोन वर्षांपूर्वी माझंही हेच झालं होतं, म्हणून लिहितोय.

ते तीन शब्द आधी खोडा. चौकातल्या बॅनरवर सगळ्यांच्याच आज्या प्रेमळ असतात. मग आईला, मामाला, मावशीला फोन करा. एकत्र बसवून विचारू नका, एकेकाला गाठा. तुम्हाला आजी म्हातारपणीच मिळाली. त्यांना ती तरणीताठी, चिडकी, घाईतली मिळालेली असते. मला हे उशिरा कळलं.

माझी आजी लालबागला खानावळ चालवायची. खानावळ म्हणजे पाटी-बिटी काही नाही. चाळीतली दहा बाय बाराची खोली, मोरीपाशी दोन स्टोव्ह आणि भिंतीला टेकून एका वेळी सहा माणसं. आजोबा कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते, त्यांच्या एकट्याच्या पगारात भागत नव्हतं. बायकापोरं गावी ठेवून आलेले कोकणातले बावीस जण जेवायला असायचे. पहिल्या पाळीवाल्यांसाठी पहाटे चारला स्टोव्ह पेटायचा, दुसऱ्या पाळीवाले रात्री अकरानंतर पानावर बसायचे. ती झोपायची कधी, हे आईलाही नीट सांगता येत नाही.

तिची वही माझ्याकडे आहे. आजीला अक्षरओळख नव्हती, म्हणून प्रत्येक माणसाचं चित्र. एक छत्री, एक विळा, एक कासव. (कासव म्हणजे पानावर तासभर बसणारा, हे मामाने सांगितलं.) पुढे जेवलेल्या दिवसाला उभी रेघ, खाड्याला गोल. महिन्याचा हिशेब पगाराच्या दिवशी. लोक म्हणतात, अडाणी होती. मला अजून एक्सेलमध्ये इतकं सुटसुटीत जमलेलं नाही.

पावसाळ्याआधी धान्य भरायला ती बांगड्या सावकाराकडे ठेवायची. गिरणगावात घरोघरी हेच चालायचं. कामगार चळवळीतल्या प्रेमाताई पुरवांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते अशाच खानावळवाल्या बायकांसाठी, त्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. आजीलाही मिळालं. बँकेत अंगठा उठवायला ती लग्नातली साडी नेसून गेली होती. हप्ता कधी चुकवला नाही.

मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. आज मिटेल, उद्या मिटेल म्हणत आजीने दोन महिने सगळ्यांना उधारीवर जेवू घातलं. मग एकेक जण ट्रंक उचलून गावाला गेला. वहीत मार्चअखेरीला गोल आहेत, नुसते गोल. एप्रिलपासून पानं कोरी.

हे सगळं मी भाषणात घेतलं होतं. ‘उपाशी माणसाला तिने पैसे विचारले नाहीत’ हे वाक्य तर दोनदा घोटलं होतं. आदल्या रात्री आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “विचारले नाहीत कसे? मला पाठवायची ना.”

आई तेव्हा अकरावीत. संध्याकाळी बिऱ्हाडाबिऱ्हाडाला जाऊन दारात उभं राहायचं आणि म्हणायचं, आईनं पैसे मागितलेत. समोरचा माणूस खाली मान घालायचा. रिकाम्या हाताने परत आलं की आजी बोलायची. पुढच्या वर्षी आईचं शिक्षण सुटलं. मला पेपरमिंटच्या गोळ्या पदरातून काढून देणारी आजी आईला कधी भेटलीच नव्हती. त्या रात्री मी ते घोटलेलं वाक्य काढून टाकलं आणि आईला विचारलं, तुझं सांगू का? ती म्हणाली, सांग, पण रडू नकोस तिथे.

तुम्हीही हे विचारून घ्या. असलं काही परस्पर सांगायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी वहीच घेऊन उभा राहिलो. कासवाला सगळे हसले. छत्रीचं पान दाखवलं तेव्हा मागून आई म्हणाली, “छत्रीचे दोनशे दहा राहिलेत.” चाळीस वर्षं आकडा तिच्या डोक्यात होता. यावर कोणी हसलं नाही. मग मामा उठला, मग धाकटी मावशी, मग चाळीतल्या शेजारीणबाई, ज्यांना कोणी बोलायला सांगितलंच नव्हतं.

तेव्हा एखादी वस्तू हातात घेऊन जा. वही नसली तर अडकित्ता, चष्म्याचं घर, काहीही चालेल. कागद खिशात असू द्या, लागणार नाही. आणि स्वयंपाकाला येणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, जेवणं उशिरा होतील. आमच्याकडे तीन वाजले होते, पुऱ्या पार चामट झाल्या.