विमान आपलं, स्पेअर पार्ट त्यांचे

मागच्या वेळी शस्त्रखरेदीचा नुसता विषय काढला आणि प्रश्नांचा ढीग पडला. सगळे घेणं शक्य नाही. जे पुन्हापुन्हा आले ते आधी.

प्रश्न : एवढे पैसे मोजून लढाऊ विमान घेतलं की ते आपलंच झालं ना? मग विकणारा देश नंतर अडवतो कसा? आणि त्यात ‘किल स्विच’ असतो, बटण दाबलं की विमान बंद, हे खरं का?

किल स्विचवाले प्रश्न सगळ्यात जास्त आलेत. २०२५ मध्ये एफ-३५ या अमेरिकन लढाऊ विमानावरून युरोपात हीच चर्चा पेटली होती आणि अमेरिकेने असलं काही नाही म्हणून सांगितलं. मला विचाराल तर असला काय नि नसला काय, त्याची गरजच नाही हो. फायटर विमान म्हणजे काही फ्रिज नाही की एकदा आणला, प्लग लावला, विषय संपला. ते तीस-चाळीस वर्षं वापरायचं असतं, आणि तेवढी वर्षं टायर, ब्रेक, सील, इंजिनाचे पार्ट, रडारचं सॉफ्टवेअर, मिसाइल हे सगळं त्याच दारातून येत राहणार असतं, ते दार बंद झालं की बटणबिटण कशाला लागतंय, विमान आपोआप हँगरमध्ये बसतं.

इराणचं बघा. तिथल्या राजाने, म्हणजे शहाने, अमेरिकेकडे ८० एफ-१४ लढाऊ विमानांची ऑर्डर दिली, ७९ मिळाली, आणि १९७९ मध्ये क्रांती झाली. रातोरात विकणारा शत्रू, विमानं मात्र त्याचीच. पुढच्याच वर्षी इराकशी युद्ध सुरू झालं ते आठ वर्षं चाललं, मग काय, एका विमानाचे पार्ट काढून दुसऱ्याला लाव, चोरट्या मार्गाने आण, जमेल ते घरी बनव. १९८५-८६ मध्ये तर खुद्द अमेरिकेनेच लपूनछपून इराणला रणगाडाविरोधी मिसाइल आणि हॉक या विमानविरोधी मिसाइलचे पार्ट विकले, ते उघडकीला आल्यावर तिकडे केवढा गदारोळ झाला! आणि पुढे २००६ मध्ये अमेरिकेची स्वतःची एफ-१४ रिटायर झाली तेव्हा त्यातली बरीच कापून चक्काचूर केली, का तर एखादा नटबोल्ट फिरत फिरत इराणला पोचू नये. माझ्या मते या धंद्याचा अख्खा धडा त्या भंगारात आहे.

पाकिस्तानची गोष्ट वेगळीच. अमेरिकन एफ-१६ लढाऊ विमानांचे पैसे भरले, विमानं तयारसुद्धा झाली, आणि १९९० मध्ये अणुकार्यक्रमावरून अमेरिकेने कायद्यावर बोट ठेवून डिलिव्हरी थांबवली. २८ विमानं अॅरिझोनाच्या वाळवंटात उभी राहिली. भांडण मिटलं १९९८ मध्ये, काही रक्कम रोख आणि काही गव्हासारख्या मालाच्या रूपात. विमानाच्या पैशात गहू! चोराच्या हातची लंगोटी म्हणायची नि गप्प बसायचं.

आणि वेळ कशी साधली जाते ते १९८२ च्या ब्रिटन-अर्जेंटिनाच्या फॉकलंड युद्धात दिसलं. अर्जेंटिनाने फ्रान्सकडे १४ सुपर एतांदार विमानं मागवली होती, युद्ध सुरू झालं तेव्हा हातात पाच, आणि त्यावरून डागायची एक्झोसेट ही जहाजविरोधी मिसाइलंही पाचच. फ्रान्सने पुढचा माल थांबवला. त्या पाच मिसाइलांनी ब्रिटनची शेफील्ड युद्धनौका आणि अटलांटिक कन्व्हेयर हे मालवाहू जहाज घालवलं, आता आणखी दहा-बारा असती तर काय झालं असतं याचा हिशोब लोक अजून मांडतात.

प्रश्न : आपण घेतलेलं शस्त्र दुसऱ्या मित्रदेशाला देता येतं का?

विचारल्याशिवाय नाही. करारातच तसं कलम असतं. २०२२ मध्ये जर्मनीने युक्रेनला गेपार्ड या विमानविरोधी तोफा दिल्या, पण त्यांचे गोळे स्विस बनावटीचे आणि स्वित्झर्लंड म्हणालं आम्ही तटस्थ, युक्रेनला द्यायचे नाहीत. जर्मनीला शेवटी गोळ्यांची प्रॉडक्शन लाइन आपल्याच देशात सुरू करावी लागली.

प्रश्न : मग सरळ स्वतःच का बनवत नाहीत सगळे?

बनवतात की. पण ‘स्वतः बनवलं’ म्हणजे नक्की काय ते खोलून बघावं लागतं. तुर्कस्तानने १९७४ मध्ये सायप्रस बेटावर सैन्य उतरवलं, त्यानंतर १९७५ मध्ये त्यांच्यावर अमेरिकेने शस्त्रबंदी घातली, त्याच वर्षी त्यांनी आसेलसान ही इलेक्ट्रॉनिक्सची कंपनी काढली, नाक दाबल्यावर तोंड उघडतं तसं. आज त्यांचे ड्रोन जगभर विकले जातात. तरी २०२० मध्ये कॅनडाने त्या ड्रोनचे कॅमेरे रोखले, मग कॅमेराही घरचाच बसवावा लागला. आणि त्यांचं नवं कान फायटर २०२४ मध्ये उडालं ते कुठल्या इंजिनावर? अमेरिकन.

इंजिन हीच खरी गोम आहे बघा. जेट इंजिनात आतल्या गॅसचं तापमान पात्याच्या धातूच्या वितळणबिंदूच्याही वर जातं, म्हणून ते पातं धातूच्या एकाच सलग स्फटिकातून ओततात आणि आतून पोकळ ठेवून हवा खेळवतात. हे नीट जमणारे देश हाताच्या बोटावर मोजण्याइतके. भारताच्या तेजस लढाऊ विमानासाठी कावेरी इंजिन १९८९ मध्ये मंजूर झालं, २००८ मध्ये ते तेजसपासून वेगळं केलं. तेजस मार्क-१ए साठी ९९ अमेरिकन इंजिनांची ऑर्डर २०२१ मध्ये दिली, पहिलं आलं मार्च २०२५ ला. यात बंदीबिंदी काही नव्हती, नुसता उशीर. आणि गंमत म्हणजे यात विकणारेही अडकतात, सत्तरच्या दशकात स्वीडन भारताला व्हिगन विमान विकायला निघालं होतं, पण इंजिनाचं मूळ अमेरिकन त्यामुळे अमेरिकेने नको म्हटलं, की संपलं. भारताने मग जग्वार घेतलं.

प्रश्न : सगळ्यात जास्त विकतं कोण, घेतं कोण?

जगभरच्या शस्त्रव्यापाराची मोजदाद ठेवणाऱ्या स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेच्या २०२०-२४ च्या आकड्यांत जगाच्या शस्त्रनिर्यातीपैकी अमेरिका एकटीच ४३ टक्के, मग फ्रान्स, रशिया, चीन, जर्मनी. घेणाऱ्यांत युक्रेन पहिला, भारत दुसरा. (सिप्री किंमत नाही, शस्त्रांचं प्रमाण मोजते, भांडताना हे लक्षात ठेवा.)

प्रश्न : एकाच देशावर अवलंबून राहण्यापेक्षा चार जणांकडून घेतलं तर?

अडवणुकीची भीती कमी होते, खरंय. भारताच्या शस्त्रआयातीत रशियाचा वाटा २०१०-१४ मध्ये ७२ टक्के होता, २०२०-२४ मध्ये ३६ वर आला. पण प्रत्येक विमानाचा वेगळा सिम्युलेटर, वेगळे मेकॅनिक, वेगळं गोदाम, आणि वेगळा करार. युक्रेनकडे सोव्हिएत काळातल्या १५२ मिलिमीटरच्या तोफा होत्या, मदतीला आल्या त्या नाटोच्या १५५ च्या. तीन मिलिमीटरचा फरक, पण गोळा एकीचा दुसरीला चालत नाही, आणि त्यातही दहा देशांनी दहा मॉडेल पाठवलेली, बिघडली की पार्ट कुठल्या देशातून मागवायचा इथूनच सुरुवात. हे सगळं सांभाळणाऱ्या स्टोअरकीपरला खरं तर कोणीतरी एक पदक द्यायला हवं.